एकादशी अन् दुप्पट खाशी

आमच्या सासूबाईंना लाडू मोजून डब्यात भरायची सवय आहे. चिक्कूपणा नाही हो त्यात. डाळी मोजतात, पापड मोजतात, सांडगेसुद्धा मोजतात. का मोजतात ते मला लग्नानंतर तेरा-चौदा वर्षांनी कळलं, आणि ते कळायला एक वाईट प्रसंग घडावा लागला. आज तोच सांगणार आहे. बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणून टाळत होते.

२०१७ सालची दिवाळी. भाऊबीज झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) बेसनलाडवांचा डबा उघडला तर सोळा लाडू कमी! घरात माणसं चार. चौकशी सुरू झाली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्यानं दोन लाडू न विचारता घेतल्याचं कबूल केलं. मग उरलेले चौदा कुठं गेले? "खोटं बोलतोस?" म्हणून नवऱ्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडत म्हणत होता, "आज्जी, मी दोनच खाल्लेत गं." मी ओट्यापाशी गवार मोडत होते. मान वर न करता मोडत राहिले.

ते चौदा लाडू मी खाल्ले होते. आदल्या रात्री, उभ्यानं, दिवा न लावता. पहिल्या दोनांची चव कळली असेल. पुढच्यांची कळलीसुद्धा नाही. घास घशाखाली उतरायच्या आत हात पुन्हा डब्यात जात होता.

आमचं गाव कासार आंबोली. पुण्याहून पौड रस्त्यानं निघालात की चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि मग आम्ही. मुलींच्या सैनिकी शाळेमुळे काहींनी गावाचं नाव ऐकलं असेल. मी पिरंगुटला एका कंपनीत हिशेबाचं काम करते. हे सांगायचं कारण असं की कंपनी ते घर या एवढ्याशा प्रवासातही माझं एक वेगळंच खातं चालू होतं. स्टॉपवरच्या गाडीवर दोन वडापाव, पुढे बेकरीतून क्रीमरोल, आणि घराच्या वळणाच्या आत सगळे कागद पर्समध्ये चुरगाळून ठेवलेले. घरी आल्यावर सगळ्यांबरोबर जेवायचं ते अर्धी पोळी आणि वाटीभर भाजी. "किती कमी खातेस गं, तरी अंग कसं कमी होत नाही?" असं नातेवाईक विचारायचे. मी हसायचे.

रोज नव्हतं हे. आठवड्यातून दोनदा, तीनदा. मधले दिवस मी अगदी व्रतस्थ. आणि हाच या गोष्टीचा मुद्दा आहे, पण तो मला फार उशिरा कळला.

मला जुन्या गोष्टी उकरून वाचायची खोड आहे. तेव्हा म्हटलं, आपल्या या दुसऱ्या खोडीचाही इतिहास बघावा. दिव्याखाली अंधार नको.

सुरुवात शब्दांपासून केली. हावरट, अधाशी, खादाड, खाबूनंदन, बकासुर. मराठीत जास्त खाणाऱ्याला शब्दांची ददात नाही, आणि एकूण एक शब्द शिवी आहे. खाणाऱ्याला त्रास होत असेल अशी शंका येणारा शब्द मला एकच सापडला, तो म्हणजे भस्म्या. "भस्म्या झालाय का तुला?" हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं. पण ते शिवी म्हणून ऐकलेलं असतं, आणि मुळात ते रोगाचं नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अत्यग्नीचं वर्णन येतं. पोटातला अग्नी इतका भडकतो की खाल्लेलं भराभर जळतं आणि मग तो शरीराच्या धातूंनाच खायला लागतो. पुढच्या वैद्यांनी याला भस्मक म्हटलं. मला वाटलं होतं, आता उपाय लिहिला असेल लंघनाचा. तर तिथे नेमकं उलटं! जड, स्निग्ध, गोड खायला द्या. खीर द्या, खिचडी द्या, गुळाचे पदार्थ द्या, आधीचं पचायची वाट न बघता पुन्हा द्या. भडकलेल्या भुकेला उपाशी ठेवायचं नाही, तिला घालायचं.

आता माझा रोग म्हणजे भस्मक नव्हे, हे मलाही कळतं. जुन्या ग्रंथात आजचं सगळं शोधणाऱ्यांपैकी मी नाही. पण ते पान वाचताना काहीतरी टोचलं, कारण मी इतकी वर्षं माझ्या भुकेवर नेमका उलटा उपाय करत होते.

माझे उपास ऐका. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, श्रावणातले शनिवार, नवरात्राचे नऊ दिवस. धार्मिक होतेच मी, पण खरं सांगायचं तर निम्मा हेतू वजनाचा होता. उपास सोयीचा असतो. डाएट करतेय म्हटलं की चारजणी नाक खुपसतात, उपास आहे म्हटलं की त्याच चारजणी हात जोडतात. मध्यंतरी दिवसातून दोनदाच जेवायचा प्रकार सगळीकडे गाजत होता, तोही करून झाला. ज्याला झेपतो त्याला झेपत असेल. माझं दुसरं जेवण रात्री आठला सुरू व्हायचं आणि साडेअकराला संपायचं, आणि त्यातलं साडेआठनंतरचं कोणी पाहिलेलं नसायचं.

एकादशी अन् दुप्पट खाशी. ही म्हण मी हजारदा ऐकली आणि म्हटलीही आहे, साबुदाण्याच्या खिचडीवर तुपाची धार सोडताना. उपासाच्या ढोंगाची थट्टा एवढाच अर्थ मला ठाऊक होता. (जाता जाता: साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. सोळाव्या शतकाच्या आधीच्या माणसाला आपलं फराळाचं ताट दाखवलं असतं तर वरीचे तांदूळ सोडून त्याला फारसं काही ओळखू आलं नसतं. असो.)

या म्हणीकडे निराळ्या नजरेनं बघायला मला गांधीजींनी लावलं. पुण्याला आणि उपासाला जोडणारं त्यांच्याएवढं नाव नाही. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात २० तारखेला सुरू झालेला आणि २६ ला सुटलेला उपास, १९३३ च्या मे महिन्यात ठाकरसींच्या पर्णकुटी बंगल्यात पार पडलेला एकवीस दिवसांचा उपास, १९४३ ला आगाखान पॅलेसमध्ये पुन्हा एकवीस दिवस. त्या दृष्टीनं मी त्यांची आत्मकथा पुन्हा काढली, की मन कसं आवरायचं ते शिकू. आणि आफ्रिकेतल्या प्रयोगांच्या भागात एक कबुली सापडली. ते एकादशी धरू लागले होते, फळं खाऊन. पण त्यांच्या लक्षात आलं की जिभेचे चोचले फळांवरही तितकेच पुरवता येतात, म्हणजे आपल्या भाषेत फराळानं काही साधत नाही. मग त्यांनी कडक उपास आणि एकभुक्त सुरू केलं. तेव्हा दिसलं ते असं, की उपासानंतर अन्न जास्तच गोड लागतं आणि भूक जास्तच पेटते. उपास हे संयमाचं हत्यार आहे तसंच ते भोगाचंही होऊ शकतं, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय.

पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसती बसले. हा माणूस उपासातला महामहोपाध्याय, त्यालाही हे आडवं आलं होतं! आणि त्यानं ते लपवलं नाही. अर्थात गांधीजींनी त्यावरून काढलेला निष्कर्ष माझ्या कामाचा नव्हता. जोडीला मनाचा उपासही हवा, असं ते म्हणतात. माझं मन उपासाच्या दिवशी दुपारी तीनपासून फरसाणाच्या दुकानात जाऊन बसलेलं असायचं. त्याला कसला उपास घडवणार?

पण तो मनाचा दोष होता का?

इथे जरा लांब जायला हवं. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण जमा झाले. ही धर्मानं किंवा विवेकानं युद्धाला नकार दिलेली, धडधाकट पोरं. युद्धानं उपाशी राहिलेल्या युरोपला पुन्हा खाऊ कसं घालायचं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून अँसेल कीज या शास्त्रज्ञानं या मुलांना मुद्दाम अर्धपोटी ठेवायचं ठरवलं. २४ आठवडे, रोज साधारण १५७० कॅलरी. हा आकडा वाचून मी चपापले, कारण माझ्या फोनमधल्या डाएटच्या तक्त्यात याहून कमी लिहिलेलं होतं! या मुलांची वजनं सुमारे चतुर्थांशानं उतरली. पण त्यापेक्षा बाकीचं वाचण्यासारखं आहे. ज्यांना कधी चहाही करता आला नसेल अशी पोरं पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली. ताटातला घास तास तास चघळू लागली. स्वप्नात जेवण, बोलण्यात जेवण. काहींचा बांध फुटला आणि ती गुपचूप अधाशासारखी खाऊन आली, आणि मग स्वतःची लाज वाटून कोसळली. प्रयोग संपून पोटभर खायची मुभा मिळाल्यावर काहीजण दिवसाला पाच हजार, क्वचित त्याच्या दुप्पट कॅलरी खात, आणि पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक लागलीय म्हणत. हे काही आठवडे, काहींच्या बाबतीत महिनोन् महिने चाललं. १९५० साली या सगळ्याचे दोन जाडजूड खंड निघाले.

यातलं कोणी हावरट नव्हतं. सैन्यात जाणार नाही म्हणून जगाशी भांडलेली, चांगल्या पक्क्या मनाची ही माणसं.

हे वाचलं त्या रात्री मी आईंना खरं सांगितलं. लाडवांची गोष्ट होऊन चार महिने झाले होते. त्या देवापाशी वाती वळत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, दिवाळीतले लाडू मी खाल्ले होते." त्यांचा हात थांबला नाही. मला वाटलं ऐकूच आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तर म्हणाल्या, "आयकलं. सोळाच्या सोळा?" म्हटलं, "चौदा. दोन त्याचे." मग वाती बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "मी भात खायचे. रातचा. चोरून."

आमच्या आईंचं माहेर शिरूर तालुक्यातलं. तिकडे पाऊस कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगून कळत नाही. १९७२ च्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या. घरची दोन जनावरं गेली, आणि आई-बापांबरोबर त्याही पाझर तलावाच्या कामावर जायच्या. मोठी माणसं खोदायची, पोरं घमेली पुढे द्यायची. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात असल्या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. म्हणजे रस्त्यावर खडी फोडायला एखादा लहानसा देशच बसला होता म्हणायचं. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना वास. आणि कामावर सुकडी वाटायचे. "ती गोड असायची," आई म्हणाल्या. "निम्मी खायाची, निम्मी पदरात बांधायची. रातच्याला उशाखाली घ्यून झोपायची. मोजून ठिवायची, किती बुकणे ऱ्हायलेत ते."

मग अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या मुळशीत आल्या. मुळशी म्हणजे पावसाचं आणि भाताचं आगर. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मावळे उभे राहिले ते याच भाताच्या जमिनींसाठी. आंबेमोहोर शिजायला लागला की पलीकडच्या आळीला कळतं. बारा वर्षांच्या मुलीनं मिलोची भाकरी खाल्लेली, आणि अठराव्या वर्षी समोर हे भातानं भरलेलं पातेलं. दिवसा सासूच्या देखत त्या दोन घास खायच्या, नव्या नवरीनं खावं तसे. रात्री सगळे झोपले की उठून, गार भात, नुसता, मीठ लावून. "वकारी व्हायस्तवर खायची. मग रडायची. वाटायचं, मला कोन तरी लागलंय. वरीस-दीड वरीस चाललं आसंल."

"मग सुटलं कसं?"

"सासूनं पकडलं की," त्या हसल्या. "काय बोल्ली न्हाई. दुसऱ्या दिवसापून माझ्या ताटात आधीच चार मुठी भात जास्ती. म्हनली, समद्यांच्या देखत खा. महिन्याभरात रातचं उठनं बंद झालं बघ."

मिनेसोटाच्या दोन खंडांत जे आहे ते आमच्या आजेसासूबाईंना बिनपुस्तकाचं कळलं होतं. त्या निरक्षर होत्या. त्यांना बघायचं भाग्य मला लाभलं नाही.

शास्त्राचा बाकीचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण तो माझ्या बाबतीत पुढे कामी आला. आल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९५९ साली पहिल्यांदा नीट लिहिलं की काही जाड माणसं सतत जास्त खात नाहीत, त्यांना खाण्याचे झटके येतात, आणि मागाहून पश्चात्ताप. पुढे १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेलनं खाऊन ओकून टाकणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं, तो वेगळा आणि जास्त धोक्याचा आजार. पण मला सगळ्यात आवडतो तो १९७५ चा मिल्कशेकचा प्रयोग. हर्मन आणि मॅक या दोघांनी काही मुलींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीमची 'चव घ्यायला' बसवलं. हवं तेवढं खा म्हणून. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्लं, म्हणजे पोट भरलं होतं ना! आणि ज्या नेहमी मोजूनमापून खायच्या त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्तच खाल्लं. एकदा मोडलंच आहे, तर आता होऊन जाऊ दे.

आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज आहे का? गटारी आठवा. उद्यापासून श्रावण, म्हणून आज मटणाची पातेली चढतात, आणि जो एरवी दोन तुकडे खातो तो सहा खातो. उद्या बंद व्हायचं आहे, या एका कल्पनेनं आजची भूक वाढते. माझ्या आयुष्यात दर रविवारी रात्री गटारी असायची, कारण 'सोमवारपासून पक्कं'.

स्वतंत्र आजार म्हणून याला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत जागा मिळाली ती २०१३ साली. भराभर खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्यानं खाणं, थांबवता न येणं, खाल्ल्यावर स्वतःची किळस येणं, आणि हे सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने. मी ती यादी वाचली तेव्हा कोणीतरी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून लिहिलीय असं वाटलं.

आईंनीच मला पाठवलं. "समद्यांच्या देखत खा, पर आधी डागदरला इचार." कोथरूडला एका बाईंकडे मी जायला लागले. पहिल्या भेटीत त्यांनी वजन केलं नाही. म्हणाल्या, "रात्रीचं खाणं बंद करण्याचा विचार सध्या करूच नका. सकाळचं सुरू करा." मला वाटलं बाई चेष्टा करताहेत. पण ती पद्धत ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेली, आता जगभर वापरतात. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, संध्याकाळी खाणं, रात्री जेवण, लागलं तर मधे थोडंसं. दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. भूक असो नसो, आदल्या रात्री कितीही खाल्लेलं असो, सकाळची न्याहारी करायचीच. आणि खाल्लेलं सगळं तेव्हाच्या तेव्हा वहीत लिहायचं, लाडूसुद्धा, किती ते सुद्धा. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला वही लिहायला काय हरकत! पण पहिल्यांदा 'रात्री ११.१०, शेव, सगळी पुडी' असं लिहिताना हात कापला हो.

आणि उपास? ते मात्र बंद. निदान वर्षभर. इथे खरी अडचण आली. संकष्टी मी मुलगा झाल्यापासून धरत होते. ती मोडायची म्हणजे पोराला काही होईल, ही भीती शिकून-सवरून जात नाही. आईंना विचारलं तर त्यांनी भीमाची गोष्ट काढली. भीमाला एकादशी झेपेना, वृकोदर तो, पोटात लांडग्यासारखी आग. त्यानं व्यासांपुढे रडगाणं गायलं, तेव्हा त्यांनी त्याला वर्षाची एकच एकादशी दिली, ज्येष्ठातली, निर्जला. "भीमाला चालतंय, तर तुला न चालायला काय झालं? तुझी संकष्टी मी धरीन." मी म्हटलं, आई, ती एक निर्जला फार कडक असते. तर म्हणाल्या, "तीबी तुला माफ."

बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. पहिले दोन महिने मला वाटत होतं की मी फक्त जाड होतेय. न्याहारीला दोन पोळ्या खाताना पाप केल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात एक दिवस लक्षात आलं की वहीत सलग अकरा रात्री काहीच नाही. मग गावात सप्ताह आला, काल्याचा महाप्रसाद झाला, आणि त्या रात्री मी बुंदीचा अख्खा द्रोण संपवला. आणखी एक. लिहिलं. दुसऱ्या दिवशी उपास करावासा वाटत होता, इतका की सकाळी देवापुढे उभी राहून शब्द तोंडाशी आले होते. बाईंनी सांगितलं होतं, पडण्याचा दिवस महत्त्वाचा नाही, त्याच्या दुसरा दिवस महत्त्वाचा. मी पोहे केले आणि सगळ्यांबरोबर बसून खाल्ले. तसे दिवस आणखी पाच-सहा आले. शेवटचा २०१९ च्या दिवाळीत. वजन म्हणाल तर फार काही उतरलं नाही. चार किलो असेल.

सगळ्यांचंच असं उपासानं बिघडतं असं मी म्हणत नाही. कोणाचं दुःखानं बिघडतं, कोणाचं रक्तातच असतं, आणि आमच्या आळीतल्या कितीतरी बायका आयुष्यभर आनंदानं उपास करत आल्या आहेत. पण ज्यांना रात्री डब्याचं झाकण आवाज न करता काढायची सवय आहे, त्यांनी आपली दुपारची ताटं जरा आठवून बघावीत.

मुलाचं राहिलं. आईंना सांगितलं, कोथरूडच्या बाईंना सांगितलं, वहीत लिहिलं, पण त्याला सांगायला मला चार वर्षं लागली. तो तेरा वर्षांचा होता, २०२१ ची दिवाळी, बेसन भाजायला घेतलं होतं. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मला वाटलं, विसरला असेल. तो विसरला नव्हता. परातीतला एक काजू उचलत म्हणाला, "बाबांना सांगितलंस?"

मी नाही म्हटलं.

"मग सांग ना. मारलं त्यांनी होतं."

त्याच संध्याकाळी सांगितलं. नवरा काही न बोलता मोटर चालू करायला शेतावर गेला, आणि रोजच्यापेक्षा बराच उशिरा आला. बापलेकात काय बोलणं झालं, झालं की नाही, मी विचारलं नाही. त्या वर्षी आईंनी लाडू वळले, नेहमीसारखे मोजले, आणि आकडा मोठ्यानं म्हणायच्या ऐवजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिही तुझ्या वहीत." एक्कावन्न होते.